वरच्या फळीवरचे सेल

जुन्या हायब्रिड गाड्यांचे बॅटरी पॅक उघडायचे, मेलेले सेल काढायचे आणि जिवंत बसवायचे, हा बॅटरीवाल्याचा धंदा. त्याच्या बायकोची हायब्रिड मात्र कधीची दारात बंद पडून होती.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ती म्हणे.

"जरा धीर धर गं. तुझ्यासाठी उत्तमोत्तम सेल बाजूला काढतोय."

हे खरं होतं. भंगारात आलेल्या प्रत्येक पॅकमधला सर्वांत तगडा सेल तो वरच्या फळीवर, फडक्याखाली ठेवी.

मग तिला शहराबाहेर नोकरी लागली. तिकडे बस जात नव्हती आणि उद्याच रुजू व्हायचं होतं. त्याने फळीवरचे सेल उतरवले, मीटर लावला. एकूण एक सेल गेलेला. वापराविना पडलेला सेल आपोआप मरतो, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत असे. हा नियम घरच्या सेलनाही लागू असेल, असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

शेवटी त्याने भंगारातल्या टॅक्सीचा पॅक उघडला. सेल थकलेले होते, पण सगळे सारखेच थकलेले, त्यामुळे त्यांचं आपसांत जुळलं. संध्याकाळी गाडी सुरू झाली.

"हेच का माझे उत्तमोत्तम?"

"टॅक्सीचे आहेत. रोज राबले, म्हणून टिकले."

"आणि फळीवरचे?"

"लाडाने गेले."

"सासूबाईंनी तुम्हालाही फळीवरच ठेवलं होतं," ती म्हणाली आणि गाडी गल्लीबाहेर काढली.