कोंबड्याच्या ठशाने सोसलेले घाव

मी एक जुना पोलादी ठसा आहे. माझ्या तोंडावर कोंबडा कोरलेला आहे, निदान होता. मित्रांनो, चांदीच्या भांड्याच्या बुडाशी बारीक खूण पाहिली आहे का? प्रत्येक तपासणीघराची खूण वेगळी. बंदरावरच्या घराचा मासा, डोंगरावरच्या घराची किल्ली आणि आमचा कोंबडा. भांडे कुठेही विकले जावो, त्याची चांदी कुठे तपासली ते खुणेवरून कळते. खोट निघाली तर कुणाच्या दारात जायचे, तेही कळते.

मार खाणे हेच माझे काम. आमचे तपासनीस, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, आधी बुडाची चिमूटभर चांदी खरवडून तपासत. मग त्या चऱ्याला लागूनच मला टेकवून हातोडा हाणत. चरा नाही तर कोंबडा नाही, हा आमच्या घराचा शिरस्ता.

एका दुपारी त्यांचा मेहुणा दोन दांडगे गडी घेऊन आला. पेटीत चाळीस ताटे होती, निम्मे तांबेच. मास्तरांनी पेटी परत सरकवली. गड्यांनी त्यांचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि मेहुण्याने हातोडा घातला. हाडे मोडलेली मी ऐकली. मग मला एकेका ताटावर टेकवून त्याच हातोड्याने त्याने चाळीस वेळा मारले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बहिणीचा संसार मोडेल म्हणून मास्तर गप्प राहिले. पडलो, असे सांगत राहिले. महिन्याभरात ती विकलेली ताटे तांबडी पडली आणि लोक कोंबडा पाहून आमच्याच दारात आले. खिडक्या फुटल्या, एका धोंड्याने मास्तरांची भुवई फाटली. रक्त न पुसता त्यांनी एक ताट उलटे धरले.

"चरा दाखवा," ते म्हणाले, "मग खुशाल मारा."

एकाही ताटाला चरा नव्हता. मास्तरांनी सगळे सांगितले. मेहुण्याला बेड्या पडल्या.

खोट्या मालावर उमटलेला ठसा ठेवत नाहीत, ठेचून टाकतात. पण मास्तरांच्या हाताला हातोडा पेलेना. तेव्हा बहीण पुढे आली.

"दादा, तू धर. मी मारते."

पहिल्या घावात तुरा गेला, दुसऱ्यात मान. ती रडत होती आणि मारत होती.

मित्रांनो, कुणी हात पिरगाळून तुमची खूण उमटवून घेतली, तर त्याच दिवशी बोला. माणूस घरचे असले तरी बोला. मास्तरांची बोटे अजून मिटत नाहीत.