गावंड्यांच्या बैलांची हाक

लग्न होऊन नाशिकला गेले, ती सावळखेडला पुन्हा फिरकलेच नाही. भावाच्या घरची लग्नं अकोल्याच्या मंगल कार्यालयात व्हायची. तिथे जेवायचं आणि तिथूनच परतीची गाडी धरायची. पुढचा तासाभराचा रस्ता मी अडतीस वर्षं टाळला, तो एका शंकरपटापायी, बैलांच्या शर्यतीपायी.

चौदा वर्षांची होते. पटात पळवायची घरची जोडी मी तयार केली होती, हे बाबांनाही, म्हणजे पुंजाजी गावंड्यांना, मान्य होतं. पण शर्यतीच्या दिवशी छकडीवर बसवलं देवरावदादाला. "पोरीची जात, लोक काय म्हनतीन," एवढंच बोलले. दादानं पहिलं बक्षीस आणलं आणि मी जेवण टाकलं. राग धरायचा तर आम्हा गावंड्यांसारखा धरावा.

यंदा दादाचा फोन आला. "साधे, गावात बायांचा पट हाये. आपली पायल जोडी हाकून राहिली. येतं का पाहाले?"

बायांचा पट म्हटल्यावर माझ्यानं राहवेना. गेले.

तर त्याच सकाळी पायलचं, दादाच्या सुनेचं, मनगट मुरगळलं. जोडी मागे घ्यायची, असं बोलणं सुरू झालं. मी पदर खोचला आणि म्हणाले, "मी हाकतो." इतक्या वर्षांनी गावची बोली आपसूक तोंडात आली.

दादा बघतच राहिला. "साठीले टेकली तू. अन या बैलाइले तुहा आवाज मालूम नाही."

"तवा बाबानं मले बसू देलं नाही. आता तू नको अडवू."

त्यानं कासरा माझ्या हातात दिला.

शेजारच्या पट्टीत वरूडकडची पौर्णिमा होती, घरचा ट्रॅक्टर चालवणारी दणकट पोरगी. झेंडा पडला. तिची जोडी सुटली. मी चारचौघांसारखं "हऽऽर्र" ओरडले. आमच्या हिऱ्यानं कान हलवला. बिजल्यानं तेवढंही केलं नाही. लोक हसायला लागले. ज्या मैदानात बसू दिलं नव्हतं, तिथेच बसून हसू करून घेत होते.

आणि मग तोंडातून भलतंच निघालं. "फुर्रऽऽ!"

सात वर्षांची असताना पुढचे दात पडले होते. "हऽऽर्र" म्हणायला गेलं की थुंकी उडून "फुर्र" व्हायचं. बाबांचे बैल त्यालाच उठायचे, म्हणून दात आल्यावरही मी तेच चालू ठेवलं होतं.

हिऱ्या-बिजल्या असे उधळले की मी छकडीला घोरपडीसारखी चिकटले. पौर्णिमाची जोडी आधी पुढे दिसली, मग शेजारी, मग दिसेनाशी झाली. आम्ही जिंकलो.

दादा गुडघा धरत पळत आला. मी विचारलं, "याइले फुर्र कोनं शिकोलं?"

"म्याच. तू गेली, पन बैलं फुर्र केल्याबिगर जागचे हालत नोते. मंग मीच करू लागलो. त्याच्या मांगून आलेली दरेक जोडी तशीच शिकली. गाव हासते मले आजपर्यंत."

मी हसले आणि तिथेच रडले. मी रुसून बसले होते, आणि माझी हाक मात्र रोज सकाळी शेतात जात होती.

तेवढ्यात भोंग्यावरून निवेदक म्हणाला, "पहिला नंबर, देवराव गावंडे यांची जोडी. हाकणाऱ्या, नाशिकहून आलेल्या पाहुण्या..."

दादानं त्याच्या हातून माईक घेतला. "पाहुनी नाही थे. साधना पुंजाजी गावंडे, मुक्काम सावळखेड. अन मांगं मले बक्षीस भेटलं, थे जोडी बी इनंच तयार केली होती. मी नुसता बसलो होतो." मग माईक माझ्यापुढे धरला. "बोल."

मला येत होतं तेच केलं.

"फुर्रऽऽ" साऱ्या गावावर घुमलं, आणि हिऱ्या-बिजल्या रिकामी छकडी घेऊन पुन्हा सुसाट निघाले.