एका बाहीचा निळा

ड्रायव्हरकाकांनी काउंटरवर स्वेटर ठेवला. तळहाताएवढा, एकाच बाहीचा. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाने तो स्वतः विणला होता, आणि ऐन वेळी लोकर संपली होती.

"नात झालीय. चारच्या बसने निघतोय. हाच निळा हवा. बाही बसमध्ये विणेन."

लोकर रंगवते ती माझी ताई. मी कॉम्प्युटर सांभाळते, तोही पुस्तकं वाचून, चुकत-माकत शिकलेला. तिच्या अकराशे छटांची प्रमाणं गेल्या वर्षी मीच डेटाबेसमध्ये भरली आणि डागाळलेली जुनी वही तिला हट्टाने टाकायला लावली.

काकांनी आधीची लोकर आमच्याकडूनच नेली होती. त्यांचं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं: कनेक्शन नाकारलं.

"म्हणजे काय?" काकांनी विचारलं.

"आतल्या खोलीतला सर्व्हर नाही म्हणतोय."

"वही कधी नाही म्हणाली नव्हती हो," ताई काकांकडे बघून म्हणाली.

"मग अंदाजाने कर की!" मी ताईला म्हणाले.

"अंदाजाने?" ताई म्हणाली. "अंग एका गावचं, बाही दुसऱ्या गावची?"

बारा वाजले होते. रंगवून सुकवायला साडेतीन तास. मी आत पळाले.

मशीन चालू होतं, हाक मारली की ओ देत होतं. पासवर्ड चुकला असता तर तसं सांगितलं असतं. नकार आला म्हणजे घर सापडलं, पण दार उघडायला कुणी नाही. डेटाबेस बंदच होता. सुरू केला, तर लगेच बसला. पुन्हा केला, पुन्हा बसला. मग मी शहाण्यासारखी त्याची लॉग-फाइल, म्हणजे नोंदवही उघडली. तिथे गडी स्वच्छ लिहीत होता: कामावर आधीच कुणीतरी आहे, क्रमांक आठशे बारा.

"ताई, काल या मशीनची पिन काढलीस?"

"पंख्याला लावली. दोनच मिनिटं!"

आता उलगडलं. मशीन प्रत्येक चालू प्रोग्रॅमला एक क्रमांक देतं. डेटाबेस कामावर आला की आपल्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवतो, जाताना उचलतो. काल वीजच गेली. चिठ्ठी तशीच राहिली. सकाळी तोच आठशे बारा बॅकअपच्या प्रोग्रॅमला मिळाला. नवा डेटाबेस बिचारा चिठ्ठी वाचायचा, त्याला आठशे बारा जागा दिसायचा, आणि दुसऱ्याच्या कामात लुडबूड नको म्हणून मागे फिरायचा. इतका भिडस्त प्राणी आमच्या घराण्यात तरी दुसरा नाही.

डेटाबेस खरंच कुठे चालू नाही ना, ते दोनदा तपासलं. मग चिठ्ठी पुसली आणि सुरू केला.

टिकला.

"निळा चार भाग, हिरवा अर्धा, काळा चिमूटभर!" मी ओरडले.

"चिमूटभर मीच सांगितलं असणार," ताई म्हणाली आणि पातेल्याकडे धावली.

चारला दहा कमी असताना लोकरीची लडी स्वेटरशेजारी ठेवली. जुनं कुठलं, नवं कुठलं, काकांनाही कळेना. पण स्टँड वीस मिनिटांवर. काकांनी फोन काढला.

"अरे, गाडी कोण नेतोय? तू होय! बाजारावरून जातोस ना? लोकरीच्या दुकानापाशी उभा राहा. नाही, सामान नाही. बाही आहे."

सव्वाचारला हॉर्न वाजला. काका लडी गळ्यात घालूनच चढले. बस सुटली, तेव्हा खिडकीत एक अनोळखी बाई दोन्ही हात पसरून लडी धरून बसली होती आणि काका भराभर गुंडा करत होते.