न केलेल्या कामाचे आभार

जोएलने टेबल पुसलं. सकाळपासून तिसऱ्यांदा. धूळ कधीचीच गेली होती, आता लाकडाचा रंग तेवढा निघायचा बाकी होता. पलीकडे कचेरीचे प्रमुख लुबेगासाहेब कोरा कागद समोर ठेवून पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"मोटारसायकल?" जोएल म्हणाली.

"उद्या," साहेब म्हणाले.

कॅनडातून युगांडातल्या मसाकाजवळच्या या गावात येऊन तिला पाच आठवडे झाले होते. सहा महिने इंटर्न म्हणून राहायचं आणि काम एकच: आसपासच्या झऱ्यांचा नकाशा करायचा, कुठलं पाणी पिण्याजोगं आहे ते तपासायचं. पण झरे टेकड्यांपलीकडे आणि कचेरीची मोटारसायकल दुरुस्तीला. पाच आठवडे माणसाने करायचं तरी काय? कपाटातल्या फायली तिने नीट लावल्या, मग उलट्या क्रमाने लावल्या. रात्री झोप नाही, दिवसा पाय एका जागी ठरत नाहीत. परत जाते म्हणून कळवणारं पत्र लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं राहिलं होतं.

खिडकीबाहेर एक म्हातारबा सायकल थांबवून उभे राहिले. मागे केळीचे तीन घड बांधलेले.

"राबताय हो, न्याबो! आभार!"

न्याबो म्हणजे बाईसाहेब, आणि इथली ही रोजची रीत. ओळख असो नसो, वाटेत दिसेल त्या माणसाचे त्याच्या कष्टांबद्दल आभार मानायचे आणि मगच पुढे जायचं. पण जोएलला ते दिवसातून वीसदा टोचायचं. आज तिचा तोल सुटला. शिकलेल्या मोडक्यातोडक्या लुगांडा भाषेत ती खिडकीतून ओरडली, "आभार कसले? मी काही केलेलं नाही! इथे मला काही करताच येत नाही!"

म्हातारबांनी टोपी काढली. तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, "अरेरे," म्हणाले आणि सायकल हळूहळू ढकलत निघून गेले. टोपणाचा आवाजही थांबला होता. जोएल कुणाकडे न बघता खोलीवर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत जायला उठलीच नाही. घरमालकीण लापशीचा पेला घेऊन आत आली. जुळी झाल्यापासून सगळं गाव तिला नालोंगो म्हणतं, खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी आठवतं की नाही कुणास ठाऊक. तिने जोएलच्या कपाळावर हात ठेवला.

"पडून राहा. बाहेर माणसं आलीत."

"कशाला?"

"तुला बघायला. काही करता येत नाही म्हणालीस ना काल? धडधाकट माणूस असं कशाला बोलेल? ताप आहे, की पोट बिघडलंय?"

"मी आजारी नाहीये!"

"सगळे आजारी असंच म्हणतात. पड गुमान."

चपला दाराबाहेर काढून माणसं येत राहिली. शेजारणीने सहा अंडी आणली. म्हातारबांनी अननस आणला आणि कालचं काही मनावर घेतलं नसल्याचं दोनदा सांगितलं. कोपऱ्यावरची शिंपीण किलोभर साखर घेऊन आली, चटईवर तासभर बसली आणि उठताना म्हणाली, "आजारपण काढतेस पोरी, आभार हो."

हसावं की रडावं, जोएलला कळेना. "आजारी पडल्याचेसुद्धा आभार?"

"मग?" नालोंगो म्हणाली. "ते काय फुकट होतं?"

दुपारी कचेरीला कुलूप लावून लुबेगासाहेब आले. नालोंगो बाहेर पडवीत केळी सोलायला बसली होती. साहेब स्टुलावर टेकले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"तुम्ही आजारी नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"नाही."

"जाणार?"

"पत्र लिहून ठेवलंय."

त्यांनी मान हलवली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मोटारसायकल येणार नाही. तिचं इंजिन नेऊन वर्ष होत आलं."

"मग रोज उद्या-उद्या का म्हणत होतात?"

"तुम्ही यायच्या आधी आठ महिने मी त्या टेबलाशी एकटाच बसत होतो. रोज इस्त्रीचा शर्ट घालून. लोक जाता-येता आभार मानायचे. एक दिवस कुणी मानले नसते, तर दुसऱ्या दिवशी कुलूप काढायला माझा हात उठला नसता." ते थांबले. "तुम्ही आलात तेव्हा वाटलं, निदान उद्या म्हणायला तरी कुणी आहे."

जोएलला राग आला, चांगलाच आला. बोलायला तिने तोंडही उघडलं. पण साहेबांच्या कोटाची बाही टेबलावर घासून घासून कोपराशी चकाकत होती. ती तिकडेच बघत राहिली.

"सगळ्यात जवळचा झरा किती लांब आहे?" तिने विचारलं.

"दोन तास. पण पायी!" साहेब दचकले. "पाहुणीला पायी नेऊ? गाव काय म्हणेल मला?"

"मी पाहुणी नाही, साहेब. इंटर्न आहे. सकाळी सातला निघू."

 साहेब उठले, पडवीत गेले आणि खिशातून फोन काढून बायकोला लावला.

"उद्या जेवायला माझी वाट बघू नकोस. काम आहे."

पलीकडून तिने काय झालं म्हणून विचारलं असावं. नालोंगोच्या हातातली सुरी थांबली. साहेब दाराकडे पाठ करून उभे राहिले.

"काही नाही, सहजच," ते म्हणाले. मग घसा साफ करून, पडवीभर ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "काम आहे गं मला उद्या."