एकेचाळिसावा

चोच पिवळी होती — पिवळी म्हणजे नारिंगीकडे झुकलेली — आणि दुर्बिणीच्या गोलात, वाळूच्या उंचवट्यामागून, ती नुसती बोटाच्या पेराएवढी बाहेर आलेली. तिच्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढऱ्याची एक रेघ... बस्स. बाकी सगळा पक्षी उंचवट्याआड. दुर्बिणीमागच्या बाईने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि ही चोच. छे, चुकलं असेल काहीतरी. सातव्यांदा मोजलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण मोठ्याने मोजतोय, चाळिशी उलटलेली बाई, पहिलीतल्या पोरीसारखी.

बेटावर लाकडी पक्षी होते चाळीस. सुरय हा नदीवरचा पक्षी मोठा संशयी, एकटा कधी घरटं करत नाही. आधी चार जण बसलेले दिसले तरच उतरतो. ‘बरोबरच आहे,’ बाबा म्हणायचे, ‘रिकाम्या हॉटेलात कोण शिरतो?’ वाळू उपसून उपसून नदी हाडापर्यंत खरवडली गेली तेव्हा सुरय गेले ते गेलेच. मग तिच्या ऑफिसने आठ वर्षं खपून हे बेट पुन्हा उभं केलं, तण उपटलं, कुत्र्यांनी यायला नको म्हणून भोवतीचं पात्र खोल केलं, आणि सुतारकामात जन्म गेलेल्या बाबांनी कोरून, रंगवून दिलेले चाळीस पक्षी लोखंडी खिळ्यांवर रोवले. रोज सकाळी काठावरच्या या आडोशात बसून ते मोजायचे, हे तिचं काम. चार वर्षं रोज उत्तर एकच. लोकांना हसू येतं — बाई, लाकडं मोजायला पगार मिळतो होय तुम्हाला? येऊ द्या हसू. आज एकेचाळीस!

हात खिशातल्या फोनकडे गेला, आणि तिथेच थांबला.

कारण एकेचाळीस याआधीही झाले होते. तीन वर्षांपूर्वी. तेव्हा तिने क्षणाचाही विचार केला नव्हता — साहेबांना फोन, ऑफिसला फोन, दोन वर्षं न बोललेल्या मावसबहिणीलासुद्धा फोन — आणि साहेब खरंच आले, नावेत बसून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, वाकले आणि पक्षी उचलून वर धरला. खाली वीतभर खिळा. ‘बाई, तुमचा पक्षी खिळ्यावर बसलाय.’ नावेतले सगळे हसले. तीही हसली, काय करणार... त्या दिवसापासून ऑफिसात ती एकेचाळीसबाई. साहेब मात्र परतताना हसत नव्हते. ‘पुन्हा असं झालं, तर हे बेट मी वाळूवाल्यांना परत देईन,’ असं म्हणाले, आणि ते बोलले ते करणारे गृहस्थ.

आणि मुहूर्त तरी कसला निघावा! उद्या सकाळी धरणातून पाणी सुटायचं होतं. पाणी सुटलं की बेटाचा सखल भाग, नेमका त्या चोचीजवळचा, हातभर पाण्याखाली. घरटं दिसलं तर पाणी कालव्याने फिरवू, असं धरणाच्या लोकांनी कबूल केलेलं. पण पाच वाजायच्या आत लेखी हवं, कारण कालव्याची दारं एकदा फिरवली की महिनाभर फिरत नाहीत. जवळ जाऊन बघावं म्हटलं तर तेही नाही. नुकता बसलेला सुरय माणूस बघून उडाला की पुन्हा येईलच असं नाही, आणि या उन्हात उघडी पडलेली अंडी बघता बघता शिजतात. पलीकडचा काठ सखल, तिथून उंचवटाच आडवा.

खूण एकच होती, ती तिला पाठ होती. सुरय बसतो तो वाऱ्याकडे तोंड करून. लाकडी पक्षी सगळे सकाळच्या वाऱ्याकडे तोंड करून रोवलेले, त्यामुळे आत्ता खरा आणि खोटा दोघांची तोंडं एकीकडेच. वारा फिरला की लाकूड तसंच राहील, पक्षी वळेल. पण वारा फिरतो सहानंतर. आणि कागद पाचला. एक तास! चार वर्षांचं एका तासावर येऊन अडलं होतं.

नऊ वाजले आणि झळा सुरू झाल्या. आता दुर्बिणीतून सगळंच हलायला लागलं. चाळीसच्या चाळीस लाकडं श्वास घेऊ लागली, माना वळवू लागली, एक तर तिच्याकडे बघून पंख झटकतोय असं वाटलं. तीन वाजता कुठे तिने डोळा काढला. पुरे झालं. दुधाने तोंड पोळलंय बाई, आता ताक फुंकून पी. आधी घरी जाऊन बघायचं: मागचा तो एकेचाळिसावा, खिळ्यावरचा, तिने रागारागाने घरी नेऊन बाबांच्या फळीवर टाकला होता. तो फळीवर असला, तर इथे चोच कुणाची?

स्कूटर चालवताना ती गात होती हे तिला सिग्नलला कळलं, शेजारच्या मोटारीतल्या गृहस्थाने काच खाली करून बघितलं तेव्हा. सांगून टाकू का याला? अहो, ऐका, तुम्ही मला ओळखत नाही, पण एक पक्षी... गृहस्थाने काच वर केली. तिला खदखदून हसू आलं. औषधाचं दुकान, शाळेची भिंत, खड्डा, पुन्हा खड्डा, रस्ता तोच रोजचा, आणि आज मात्र प्रत्येक खांब, प्रत्येक पाटी तिला कौतुकाने पाहावीशी वाटत होती. फळीवर असू दे. देवा, फळीवर असू दे.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मांडीवर एक अर्धवट कोरलेला पक्षी, बिनचोचीचा, गेले सहा महिने बिनचोचीचाच. हात कापतात, चोच निघत नाही.

तिने चपलाही काढल्या नाहीत. फळीवर रंगाचे डबे, रंधा, कानस, जुनं कॅलेंडर. पक्षी नव्हता.

“बाबा, इथला पक्षी कुठाय?”

“कुठला गं?”

“तो जास्तीचा. खिळ्यावरचा.”

बाबांनी डोळे मिटले. हल्ली ते असे डोळे मिटून आत कुठेतरी शोधायला जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. गेल्या आठवड्यात चष्मा पिठाच्या डब्यात सापडला होता. “दिला वाटतं... परवाच्या वादळात दोन-तीन मोडले नव्हते का? नावाडी आला होता दुरुस्तीला घेऊन. त्याला दिला असेन. की शेजारच्या छोटीला दिला खेळायला?” त्यांचा चेहरा पडला. “नाही आठवत. खरंच नाही आठवत गं.”

तिने नावाड्याला फोन लावला. पलीकडून इंजिनाचा आवाज. “मोजायचं काम तुमचं हो ताई, पोत्यात होते तेवढे रोवले मी काल!” शेजारचं दार वाजवलं, तर तिथे कुलूप.

ती खाटेवर बसली. म्हणजे लाकूडच... सगळं लाकडाकडेच बोट दाखवत होतं. आणि तरी छातीतलं ते उडणं काही थांबेना. शहाण्या माणसाने आत्ता निराश व्हायला हवं, निदान थोडं तरी. मला का होता येत नाही?

“मागच्या वेळी,” बाबा म्हणाले, “तो मी चुकून नव्हता पाठवला.”

तिने वर पाहिलं.

“रोज संध्याकाळी तू यायचीस, तोंड एवढंसं करून. ‘किती?’ म्हटलं की ‘चाळीस’. बघवायचं नाही मला. म्हटलं, एक दिवस तरी एकेचाळीस म्हणू दे पोरीला. तू एवढ्या जणांना फोन करशील असं कुठे ठाऊक होतं!”

तीन वर्षं! तीन वर्षं ऑफिसात एकेचाळीसबाई, आणि मूळ इथे खुर्चीत बसलंय, पायांवर भुसा घेऊन! तिला कडकडून राग आला. आणि तो राग वर येता येता कुठे कसा वळला कुणास ठाऊक, तोंडातून हसूच फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा घाबरून बघत राहिले, मग तेही हसायला लागले, थोडं उशिरा.

“उठा,” ती म्हणाली. “चपला घाला. यायचंय माझ्याबरोबर.”

आडोशात दोघं बसली तेव्हा पावणेपाच झाले होते. चोच तिथेच होती. वारा अजून सकाळचाच. बाबांना दुर्बिणीतून फक्त उजेड दिसला. ते मागे टेकून बसले आणि लाकडी बाकाचा सांधा बोटांनी चाचपू लागले. तिने फोन हातात घेतला. समजा गप्प बसले. चाळीस म्हटलं, तर कुणी काही विचारणार नाही. बेट राहील, काम राहील, पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. फक्त उद्या सकाळी पाणी येईल, आणि उंचवट्यामागे जे काही आहे ते भिजेल. लाकूड असेल तर वाळेल. आणि नसेल तर? बेट वाचवायचं आणि पक्षी बुडवायचा, तर मग बेट कशासाठी राखायचं, माझी अब्रू वाळत घालायला?

“साहेब, एकेचाळीस.”

 पलीकडे ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

“बाई, खिळा बघितलात का या वेळी?”

“नाही. बघायला जाता येत नाही. सहानंतर कळेल.”

“सहापर्यंत मला थांबता येत नाही. खात्री आहे?”

“खात्री नाही साहेब. पाणी फिरवा.”

“मागे काय बोललो होतो ते लक्षात आहे ना?”

“आहे.”

“लेखी पाठवा. तुमच्या नावाने.”

तिने लिहिलं: चाळीस लाकडी, एक बसलेला, खरा असल्याची खात्री अद्याप नाही, पाणी सोडू नये, जबाबदारी माझी. पाठवलं. चार वाजून सत्तावन्न मिनिटं. फोन खिशात टाकून तिने दुर्बीण पुसली.

मग नुसतं बसणं. पाणी तांबूस होत गेलं. साडेपाच. पावणेसहा. चार वर्षं इथे बसताना तिला वाटायचं, की तो येईल तेव्हा आपल्याला आनंद होईल. आणि आज तो आलाय की नाही हे ठाऊक नसताना आनंद आपला आधीच येऊन बसलाय, बिनबोलावता, पाय पसरून... याला काय म्हणावं?

“लाकडाचा निघाला तर?” बाबांनी हळूच विचारलं.

“तर तुमचा.”

“आणि खरा निघाला तर?”

“तरी तुमचाच,” ती म्हणाली. “तुमचे चाळीस बघूनच उतरला असेल ना तो.”

 बाबांचा कापरा हात बाकावरून सरकत तिच्या हातावर आला आणि तिथेच कापत राहिला.

समोरच्या गवताचा एक तुरा थबकला. सरळ उभा राहिला. मग हळूहळू दुसऱ्या बाजूला कलला, आणि दिवसभर एका गालाला लागलेला वारा तिला दुसऱ्या गालावर लागला, गार.

“फिरला गं,” बाबा म्हणाले. “बघ ना. बघ लवकर.”

“बघते,” ती म्हणाली. आणि दुर्बिणीवर वाकता वाकता तिला कळलं की आपण मोजत नाही आहोत.