आठव्या ओळीच्या आधी

विसरवाडीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या डाळ मिलमध्ये त्या सकाळी सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते, आणि त्यामुळेच कोणाला काम सुचत नव्हतं. परदेशी गिऱ्हाइकाच्या वतीने पुण्याहून तपासणीला बाई आल्या होत्या. त्यांच्या हातात रिनाने लिहिलेले दोन कागद होते. तुरीची डाळ कशी होते ते इंग्रजीत, पंचवीस ओळींत.

रिना गावित नवापूरकडच्या डोंगरातली. घरात बीएस्सी झालेली पहिलीच. सहा महिन्यांच्या बोलीवर तिला क्वालिटीत घेतलं होतं आणि सहावा महिना शनिवारी संपत होता. मॅनेजर योगेंद्र पाटलांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. कागद पास झाला तर नोकरी कायम, नाहीतर रामराम.

कागद काही सुखासुखी झाला नव्हता. पहिला खर्डा तिने नेटवरून जुळवला, तर त्यात इतके भारदस्त शब्द पडले की डाळीलाही स्वतःची ओळख पटली नसती. बाईंनी तो दोन दिवसांत परत पाठवला, सोबत चार ओळींचा निरोप. एका वाक्यात एकच काम सांगा. जे आधी होतं ते आधी लिहा. काम पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं तेही लिहा. बाकी सगळं खोडा. रिनाला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली, आणि ती वही घेऊन सुकलाल आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आबा तापीकाठच्या गावातले, मिलचे जुने ऑपरेटर, बावीस वर्षं त्याच यंत्रांपुढे. तेल लावलेली तूर किती वेळ मुरू द्यायची असं विचारलं की म्हणायचे, "बोटले समजस." आता बोटाला समजतं ते इंग्रजीत कसं लिहिणार? रिनाने घड्याळ लावलं, थर्मामीटर खुपसला, आणि आबांनी मान डोलावली की त्या क्षणाचा आकडा टिपून घेतला. असे आठ दिवस. आबांचं बोट आणि घड्याळ यांच्यात कधी पाव तासाच्या वर फरक पडला नाही. नवव्या दिवशी तिने कागद लिहिला. शाळकरी मुलालाही कळावा इतका तो साधा झाला होता, आणि साधं लिहिणं किती जड असतं ते ज्याने लिहिलंय त्यालाच ठाऊक.

बाईंची तपासायची रीत मात्र निराळी होती. कागद वाचून कळत नाही, चालवून कळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पॅकिंगमधल्या कुंदनला बोलावलं. त्याला बटणं माहीत होती, पण ही लाइन त्याने कधी चालवली नव्हती. बाई एकेक ओळ मराठीत सांगणार आणि कुंदन तेवढंच करणार, कमी नाही, जास्त नाही. आबांना दारापाशी पोत्यांच्या थप्पीवर बसवलं. आणि रिनाने चकार शब्द काढायचा नाही. लिहिणाऱ्याला मध्ये बोलावं लागलं की कागद नापास, हे बाईंनी आधीच बजावलं. पाटलांनी रिनाकडे असं पाहिलं की ती त्यांच्या डोळ्यांतली शनिवारची तारीखच वाचू शकली असती.

पहिली ओळ, दुसरी ओळ. कुंदनने चाळणी सुरू केली आणि मिल थरथरायला लागली. तिसऱ्या ओळीला तो क्षणभर अडला, तिचा जीव टांगणीला लागला, पण बाईंनी तीच ओळ पुन्हा सांगितली आणि त्याला बरोबर सापडलं. पाटील हळूहळू ताठ उभे राहायला लागले. सातव्या ओळीप्रमाणे हॉपरच्या नरसाळ्यात तूर लाल रेघेला टेकली. कुंदनने बोटाने रेघ दाखवली आणि बाईंनी खूण केली.

आठवी ओळ एलिव्हेटर सुरू करायची होती. एलिव्हेटर म्हणजे बादल्या लावलेला पट्टा, तूर वरच्या मजल्यावर नेणारा. त्याचं खालचं टोक जमिनीखाली, पुरुषभर खोल खड्ड्यात.

रिनाची नजर सहज दाराकडे गेली. आबा थप्पीवरच बसले होते. पण त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत दोनदा आपटला. हातात काही नव्हतं. आबांचं स्वतःचं तिकडे लक्षही नव्हतं. हात आपला आपणच हलला.

तिला एकदम आठवलं. पान्हा. एलिव्हेटर सुरू करण्याआधी आबा रोज पान्ह्याने शेजारच्या लोखंडी पाइपवर दोन ठोके द्यायचे. आठही दिवस तिने ते ऐकले होते आणि एकदाही लिहिले नव्हते. म्हाताऱ्याची सवय, असं समजून तिने ते कानाआडच केले होते. ते ठोके खड्ड्यासाठी होते. सांडलेली तूर काढायला बाया शिडीने खाली उतरत, आणि ठोका ऐकला की वर येत.

आत्ता खाली कोणी आहे का? तपासणीच्या दिवशी पाटलांनी बायांना बाहेर थांबायला सांगितलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं का, ते तिला ठाऊक नव्हतं. खड्डा पलीकडच्या अंगाला, यंत्राआड, इथून दिसणं शक्य नाही. रिकामा असला तर ती उगाच ओरडली असं होईल. सहा महिने पाण्यात, आणि घरी जाऊन सांगायचं काय? कुंदनचं बोट हिरव्या बटणाकडे निघालं होतं.

"थांब! बटण दाबू नको!"

कुंदन चटका बसल्यासारखा मागे सरला. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायची गरज नव्हती. पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला, पण रिना तोवर यंत्राला वळसा घालून पळाली होती. तिने खड्ड्यात वाकून पाहिलं.

दिवलीबाई खाली उकिडवी बसून सुपात तूर भरत होती. तिचा खांदा पट्ट्यापासून वीतभरही लांब नव्हता.

रिनाने तिला हात देऊन वर ओढलं. दिवलीबाई तिच्याच गावची, तिला मावशी म्हणावं अशी. चाळणीच्या आवाजात ओरडून, दोघींच्या घरच्या बोलीत, रिनाने विचारलं की आज खाली उतरलीसच कशी. दिवलीबाई म्हणाली, सगळे पाहुण्यांच्या मागे होते, म्हटलं तेवढ्यात खड्डा साफ करून घ्यावा. रिना तिथेच जमिनीवर बसली.

सगळे भोवती जमले. आबांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. पाटलांनी त्यांना दरडावून विचारलं, ठोक्यांचं या पोरीला सांगितलं का नाही?

"ते काय सांगानं काम शे, साहेब?" आबा पुटपुटले. "ते ते मी ठोकसच."

रिनाने बाईंना सांगितलं की आबांची चूक नाही. मी आठ दिवस ऐकत होते, लिहायचं काम माझं होतं. बाई म्हणाल्या की कागद नापासच आहे, त्यात बदल होणार नाही. पाटील गयावया करायला लागले, मुलगी नवी आहे, उद्या दुसरा कागद देतो, आणि मग रिनाकडे वळून, आवाज चढवून शनिवारचं काहीतरी बोलले. रिनाच्या कानात काही शिरत नव्हतं.

दिवलीबाईला मराठी थोडीच समजे, आणि इंग्रजी कागदाशी तिचा काय संबंध. मोठ्या माणसांचं भांडण लांबणार असं पाहून तिने सूप उचललं, पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला.

रिनाने झडप घालून तिचं मनगट धरलं. दिवलीबाईने नवलाने तिच्याकडे पाहिलं.

"अगं, अजून ठोका कुठे झालाय," ती म्हणाली. "अर्धी तूर खालीच आहे."