प्रमोदिनीच्या लायटरचा खडा

टळटळीत दुपारी, आगरदांड्याच्या धक्क्यावर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा, दयारामच्या दुकानात तो आवाज यायचा. खर्र. एकदाच. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खर्र. लायटरचं चाक खड्यावर घासलं की होतो, तोच. दयारामला तो आवाज झोपेतही ओळखता आला असता.

दयाराम स्टोव्ह दुरुस्त करायचा. तो पोटाचा धंदा. जीव होता लायटरांत. लढाई संपली तसं लष्कराच्या छावण्यांतलं सामान मुंबईच्या जुन्या बाजारात पोत्यांनी आलं. त्यात तंबूतले स्टोव्ह पेटवायचे लायटर होते. बोटभर नळी, वर दातेरी चाक, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खडा, खाली पेच. अंगठ्यानं चाक फिरवलं की ठिणगी पडायची आणि स्टोव्हच्या वाटीतलं स्पिरिट पेटायचं. लोकांनी स्टोव्ह उचलले, लायटर फेकून दिले. काडेपेटी कुठंही मिळते ना. दयारामनं ते वेचले. अकरा वर्षांत भिंतीवर त्रेसष्ट खिळे झाले, एकेका खिळ्याला एकेक लायटर.

खारी हवा त्यांची वैरीण. खडा फुगतो, पांढरा पडतो, भुगा होऊन नळीत बसतो. दर पंधरवड्याला दयाराम सगळे उतरवायचा, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, नळीतून काडी फिरवायचा. गिऱ्हाइकाचा लायटर आला तर जुन्या खड्यावर चाक तपासायचं, मग नवा खडा घालायचा, आणि त्यानंतर चाकाला बोट लावायचं नाही. पहिली ठिणगी ज्याची त्यानं पाडायची, हा त्याचा नेम. त्याची बायको आवडाबाई याला खूळ म्हणायची. खूळच होतं. पण त्या खुळानंच त्याला गाठलं.

मागच्या चैत्रात प्रमोदिनी आली होती. वाडीवाल्या भाऊंची सून. नारळी-पोफळीची मोठी वाडी, गावात मान, आणि सून लायटर पदराखाली लपवून आणते.

"सासूबाईंनी काडेपेटी कुलपात घातलीय," ती म्हणाली. "दिव्याला एक काडी काढून देतात. स्टोव्ह यानंच पेटवायचा. आणि हा मेला दोन दिवस रुसलाय."

"खडा संपलाय, वैनी. नवा घातलाय बघा. पहिली ठिणगी तुमची हाय, मी पाडत न्हाय."

"उद्याच्या चहाला पाडीन. आणि नाही पडली तर परत येऊन तुमच्या कानाशी वाजवत बसेन."

दोघंही हसले होते.

उद्याचा चहा तिनं केला नाही. सकाळी दयारामला बोलावणं आलं ते पंच म्हणून. स्टोव्हमधलं त्याला कळतं, असं फौजदाराला कुणीतरी सांगितलं होतं. प्रमोदिनी चादरीखाली होती. चादर मोठी होती आणि तिच्याखाली फार थोडं होतं.

दयारामनं स्टोव्ह पाहिला. टाकी शाबूत. सांधा कुठं उकललेला नाही. वाटी पुसल्यासारखी कोरडी. लायटर फळीवर. त्यानं पेच काढून खडा तळहातावर घेतला. टोक सपाट, जसं त्यानं काल बसवलं होतं तसंच. चाक एकदाही फिरलं नव्हतं. त्या बाईनं स्टोव्ह पेटवलाच नव्हता. आणि रॉकेल ठिणगीनं पेटत नाही, त्याला काडीच लागते. काड्या कुलपात होत्या. कुलपाची चावी कुणाच्या कमरेला होती, ते सगळं गाव जाणून होतं.

भाऊ दारात उभे होते. हातात त्यांचा पितळी लायटर. लढाईच्या वर्षांत वाडीतल्या बंगलीत उतरलेल्या गोऱ्या कप्तानाचा. झाकणावर उंटाचं चित्र. दयारामनं तो तीनदा मागितला होता आणि तिन्ही वेळा भाऊंनी हसून म्हटलं होतं, "तू लांबूनच बघ." आता ते झाकण उघडत होते, मिटत होते.

"दयाराम, तुला यातलं जास्त कळतं," भाऊ म्हणाले. "नीट बघून सही कर."

एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही.

स्टोव्हचा भडका उडून, असं कागदावर आलं. या किनाऱ्यावर सुनाच जळतात आणि नाव स्टोव्हचं होतं. सासूवर भडका उडाल्याचं ऐकलंय कुणी? सासऱ्यावर? स्टोव्हला बरोबर कळतं, कोण बाहेरची आणि कोण घरची. दयारामनं सही केली. लायटर कागदात लिहिलाच नाही, तर तो ठेवायचा कुठं, म्हणून खडा परत घालून खिशात टाकला. तेराव्याला भाऊंकडून जेवणाचं ताट आलं. लाडवांच्या खाली फडक्यात पितळी लायटर होता.

त्यानं चौसष्टावा खिळा ठोकला. पासष्टावाही. एकावर कप्तानाचा, एकावर प्रमोदिनीचा.

कप्तानाच्या लायटरनं त्याच्या हातात एकदाही ठिणगी दिली नाही. चाक साफ केलं, स्प्रिंग बदलली, चार खडे घातले. काही नाही. आणि दिवाळीनंतर प्रमोदिनीचा वाजू लागला.

"उंदीर असंल," आवडाबाई म्हणाली.

"उंदराला अंगठा असतो व्हय?"

"मग खाऱ्या हवेनं स्प्रिंग सुटत असंल. तुमीच सांगता ना, हवा खडा खाती."

दयारामलाही तेच हवं होतं. त्यानं पेच काढला. हवेनं खाल्लेला खडा पांढरा, भुसभुशीत होतो. हा काळाभोर होता, टणक होता. टोकाला चाकाच्या आकाराची चकचकीत खाच पडली होती. ती वापराचीच खाच. कुणीतरी अंगठा लावत होतं.

पुढल्या पंधरवड्याला खडा अर्धा राहिला. माघात पाव. दयाराम समोर बसून राहायचा, डोळ्यांत तेल घालून. चाक हलताना दिसायचं नाही. आवाज यायचा, आणि पाठोपाठ जळक्या लोखंडाचा बारीक वास. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात शिरलं. खोट्या सहीला खोटं पाडणारी एकच वस्तू या जगात होती, तो कोरा खडा. आणि दयाराम गप्प बसेल तितके दिवस तो झिजत होता. प्रमोदिनी कबूल केल्याप्रमाणे कानाशी वाजवत होती, आणि तिचा स्वतःचा पुरावा संपवत होती.

फाल्गुनात, भर दुपारी, दिघीहून आलेल्या होडीतून एक गृहस्थ उतरले. धोतर, काळा कोट, हातात छत्री. म्हसळ्याचे महादेव मास्तर.

"स्टोव्हवाले दयाराम तुम्हीच ना? भाऊंच्या मुलाला माझी सुचित्रा द्यायचं चाललंय. परवा साखरपुडा. घर चांगलं आहे असं सगळेच सांगतात. पण पहिली भाजून गेली. तुम्ही पंच होतात. म्हटलं, सरळ विचारावं. स्टोव्हच उडाला ना?"

आवडाबाई आतून दारापर्यंत आली. तिला भाऊ ठाऊक होते, आणि भाऊंच्या जागेत हे दुकान होतं. तिनं मान हलवली. नको.

खर्र.

"हे काय वाजलं?" मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं.

दयाराम उठला. प्रमोदिनीचा लायटर उतरवला, पेच काढला, नळी तळहातावर उपडी केली. स्प्रिंग पडली. तिच्या टोकाला तिळाएवढं काळं काही होतं. तो बघत असतानाच ते घरंगळलं आणि जमिनीच्या फटीत गेलं.

"स्टोव्ह उडाला न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "तिनं तो लावलाच न्हवता. तिला पेटवली."

आणि सगळं सांगितलं. काड्या, कुलूप, चावी, कोरा खडा.

मास्तरांच्या हातातली छत्री खाली टेकली. "पुरावा काय याला?"

"व्हता. वर्षभर हितं टांगलेला व्हता. आत्ता गेला."

"मग तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?"

दयारामनं पितळी लायटर उतरवून त्यांच्यापुढे ठेवला. "ह्याच्यासाठी."

मास्तरांनी त्या उंटाकडे पाहिलं. शिवी देतील असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या बायकोनं पातळं काढून ठेवलीत," ते म्हणाले. "पुढची होडी किती वाजता? तुम्ही चला. हे तिच्यासमोर, सुचित्रासमोर बोला. त्यांना माझ्या तोंडून खरं वाटायचं नाही."

निघण्याआधी दयारामनं प्रमोदिनीच्या लायटरात नवा खडा घातला. पेच आवळला. चाकाला बोट लावलं नाही. खिळ्यावर टांगला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला. लग्न मोडलं होतं. आवडाबाई उंबऱ्यावर बसली होती.

"भाऊंचा गडी येऊन गेला," ती म्हणाली. "दुकान खाली करा म्हणतो."

"करू."

"आन तुमची होडी सुटली ना काल, तसा तो वाजला. एकदाच. मंग न्हाय."

दयारामनं पेच काढला. खडा सपाट होता. मधोमध एकच चकचकीत रेघ, एका फेऱ्याची.

त्यानं तो तसाच आत घातला, तिचा लायटर आणि पितळी, दोन्ही एका फडक्यात बांधले.

"उद्या अलिबागला जातो. फौजदाराच्या वरच्या सायबाकडं. सही खोटी हाय म्हणून सांगतो."

"पहिले तुमालाच आत घालतील."

"घालू दे. भाकऱ्या जास्त बांध."

आवडाबाई उठून आत गेली. पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. भिंतीवर दोन खिळे रिकामे होते. दुपार टळली तरी दुकानात कसलाही आवाज आला नाही.